चर्चा : पोलिसांच्या ताणाची अनुवादित प्रश्नावली ‘अल्फा ०.९०’ आला म्हणून प्रमाणित मानायची का?

भाषांतरवाली :
पोलिसांचा कामाचा ताण मोजायला मॅक्क्रिअरी आणि थॉम्पसन यांची २००६ची प्रश्नावली बऱ्याच देशांत वापरतात. तिचे भाग दोन, प्रत्यक्ष ड्यूटीचा ताण आणि खात्याच्या कारभाराचा ताण. प्रत्येकात २० प्रश्न, उत्तर १ (ताण अजिबात नाही) ते ७ (खूप ताण). तिच्या मराठी अनुवादावर मी काम केलं. उलट भाषांतर, म्हणजे मराठीवरून पुन्हा केलेलं इंग्रजी, मुळाशी जुळलं, अल्फा (उत्तरं एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा, जास्तीत जास्त १) ०.९० आला आणि प्रश्नावली ‘प्रमाणित’ ठरली. मला हे अजिबात पटलेलं नाही.

एका प्रश्नात ‘उत्तरदायित्व’ असा शब्द होता. उलट भाषांतरात तो बरोब्बर मूळ इंग्रजी शब्दावर परतला, सगळे खूश. नंतर एका हवालदारांशेजारी बसून विचारलं, यातून काय समजलात? म्हणाले, “आपलं काम चोख करणं. त्याचा कसला ताण?” त्यांनी १ वर गोल केला होता. मी ‘कामाबद्दल जाब द्यावा लागणे’ असं वाचून दाखवलं. जरा थांबले, १ खोडला आणि ६ वर गोल केला.

आकडेमोड :
एका माणसाच्या खाडाखोडीवरून प्रश्न बदलायचे? असे चार प्रश्न बदललेत की इतर देशांच्या आकड्यांशी तुलना संपली. समजुतीचे घोटाळे विश्लेषणात उघडे पडतातच. घटक विश्लेषणात, म्हणजे कोणते प्रश्न एका गटात पडतात ते आकड्यांवरून पाहताना, तो प्रश्न आपल्या गटात बसणार नाही, भार (गटाशी असलेलं नातं) कमी येईल, तेव्हा काढा. शे-दोनशे उत्तरं हातात असताना आपल्या कानावर इतका भरवसा बरा नव्हे.

भाषांतरवाली :
घटक विश्लेषण केलंच नव्हतं, सगळे अल्फावर थांबले! अल्फाला तर प्रश्नांची संख्याच फुगवते. २० प्रश्नांचा आपसातला सरासरी सहसंबंध जेमतेम ०.३० असला तरी अल्फा ०.९०च्या घरात जातो. आणि सगळ्यांनीच तो शब्द ‘कर्तव्य’ असा वाचला, तर विश्लेषण तुम्हाला फार तर ‘भार कमी’ एवढंच सांगेल. का कमी, ते माणसालाच विचारावं लागतं.

बावीस वर्षं ड्यूटीवर :
तुम्ही दोघं शब्दांवर भांडताय. आमच्याकडे फॉर्म हॉलमध्ये भरून घेतले, साहेब समोर खुर्चीवर. ‘वरिष्ठांशी वागताना येणारा ताण’ या प्रश्नाला मी १ लिहिला, शेजाऱ्याने माझं बघून १ लिहिला. पुढच्या एकाने सरसकट ४. नाव नका लिहू म्हणाले, पण बक्कल नंबरचा रकाना होता.

आकडेमोड :
हे गंभीर आहे. काहींनी सरसकट १, काहींनी सरसकट ४ लिहिले की प्रश्न एकमेकांशी जुळल्यासारखे दिसतात आणि अल्फा उलट वाढतो. अशा उत्तरांवर मी घटक विश्लेषणही करणार नाही, फॉर्म पुन्हा भरून घ्या. शब्द बदलायला मात्र माझा विरोध कायम. बदलायचेच असतील तर मूळ लेखकांना कळवून, आणि नव्या शब्दांची चाचणी वेगळ्या पोलिसांवर.

भाषांतरवाली :
मान्य. पण ‘जाब’ मी सोडणार नाही.

बावीस वर्षं ड्यूटीवर :
आधी तो बक्कल नंबरचा रकाना काढा. मग मी खरं लिहीन.