कामगारांचे आधार, पासबुक, पगारपत्रक: लहान ऑफिसात कसं सांभाळायचं?

दांडियाबाजार_कारकून
नमस्कार मंडळी. बडोद्यात दांडिया बाजारात कारखान्यांची पीएफ-ईएसआयसीची (कामगारांचा भविष्यनिर्वाह निधी आणि विमा) कागदपत्रं करणारं आमचं ऑफिस आहे, माणसं सहा. मकरपुरा जीआयडीसीतल्या अकरा कारखान्यांचं काम. ठेकेदार आधार, पासबुकाचे फोटो ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात. पगाराची एक्सेल फाइल सगळ्यांना उघडते. साहेब म्हणतात, अँटिव्हायरस घेतलाय ना, मग झालं! कमी खर्चात आधी काय बदलावं?

रावपुरा_फाइलवाला
आधी तो ग्रुप. सहा जणांच्या ग्रुपवर एक आधार पडलं की सहा फोनमध्ये सहा प्रती, आणि ज्यांचा गूगल फोटोजचा बॅकअप त्या फोल्डरला चालू आहे त्यांच्या घरच्या खात्यातही. माणूस नोकरी सोडून गेला तरी त्याच्याकडची प्रत जात नाही. ‘डिलीट फॉर एव्हरीवन’वर विसंबू नका. त्याला मुदत असते, आणि तोवर ज्याने फोटो सेव्ह केला त्याच्याकडे तो राहतोच.

कागद एकाच ऑफिसच्या फोनवर किंवा एकाच मेलवर मागवा. त्या फोनवर मीडिया ऑटो-डाउनलोड आणि मीडिया व्हिजिबिलिटी (फोटो गॅलरीत दिसणं) बंद. ‘लिंक्ड डिव्हायसेस’ दर सोमवारी बघा, कुणाच्या तरी लॅपटॉपवर व्हॉट्सॲप वेब उघडं राहिलेलं असतंच. केवायसी मंजूर झालं की फोटो काढून टाका. पीएफला पूर्ण १२ आकडे लागतात हे खरं, पण गेटपाससाठी किंवा नुसत्या ओळखीसाठी मास्क्ड आधार मागा. ते यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या) साइटवरून उतरतं, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात. आधारच्या फोटोवर मोबाइलच्या पेनने काळं फासू नका, ती शाई बऱ्याचदा अर्धपारदर्शक असते. पीडीएफवर काळा चौकोन ठेवला तरी खालचा मजकूर कॉपी होतो. झाकल्यावर पानाचं चित्र करून तेच पाठवायचं.

एक्सेल_काका
पगाराच्या फाइलबद्दल. शीट लपवणं किंवा ‘प्रोटेक्ट शीट’ म्हणजे कुलूप नव्हे, ते फक्त चुकून खाडाखोड होऊ नये म्हणून. फाइल → इन्फो → प्रोटेक्ट वर्कबुक → एन्क्रिप्ट विथ पासवर्ड, आणि फाइल एक्सएलएसएक्स हवी. जुन्या एक्सएलएसचं कुलूप कच्चं. पासवर्ड त्याच मेलमधून नका पाठवू, फोनवर सांगा. हा पासवर्ड विसरलात तर फाइल गेलीच समजा, म्हणून तो लिहून साहेबांच्या तिजोरीत.

पगार स्लिपला जन्मतारखेचा पासवर्ड ठेवायची पद्धत आहे, ती फसवी. पन्नास वर्षांच्या मिळून तारखा सुमारे १८,२५०. संगणक त्या बघता बघता संपवतो.

आणि सगळ्यात जास्त घोळ होतो तो सॉर्टिंगमध्ये. नावांचा एकच कॉलम सॉर्ट केला, ‘एक्स्पांड द सिलेक्शन’ला नाही म्हटलं, की नावं हलतात आणि ईमेल जागच्या जागी राहतात. मग रमेशची स्लिप सुरेशला. पाठवण्याआधी पहिली, मधली, शेवटची अशा तीन ओळी मूळ रजिस्टरशी ताडून बघा.

दांडियाबाजार_कारकून
आभार काका. कारखानदारांच्या डिजिटल सहीचे डोंगल आमच्याच ड्रॉवरमध्ये असतात, पिनची चिठ्ठी चिकटवून. तेही यात येतं का?

रावपुरा_फाइलवाला
अहो, तेच सगळ्यात धोक्याचं! डोंगल आणि पिन हातात असलेला माणूस मालकाच्या नावाने सही करू शकतो. २०००च्या आयटी कायद्याच्या ४२व्या कलमाप्रमाणे ‘प्रायव्हेट की’ (सहीची गुप्त किल्ली, ती डोंगलमध्ये असते) सांभाळायची जबाबदारी सही ज्याच्या नावावर आहे त्याची. म्हणजे ड्रॉवर तुमचा, अडचण मालकाची. चिठ्ठी आजच फाडा, पिन मालकाने बदलावा, डोंगल त्याने येऊन लावावा. अकरा कारखाने आहेत, कुरकूर होणार. होऊ दे.

कायदा_आणि_कागद
२०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये निघाले. मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. कामगारांच्या माहितीबद्दल कारखाना उत्तरदायी, तुम्ही त्याच्या वतीने काम करणारे, आणि त्यासाठी करार हवा. वाजवी सुरक्षा ठेवली नाही तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी. मोठ्या गिऱ्हाइकांकडून करार येईलच, त्याआधी स्वतः मसुदा तयार ठेवा. सर्ट-इनचा (सायबर सुरक्षेची सरकारी संस्था) २८ एप्रिल २०२२चा आदेश मात्र आधीपासून आहे: डेटा फुटल्याचं कळल्यापासून ६ तासांत त्यांना कळवायचं. कोण कळवणार, हे आजच ठरवा.

एक्सेल_काका
एक राहिलं. रद्दीवाल्याला जुन्या फाइली देता का? श्रेडर घेताना पट्ट्या कापणारा नको, त्या जुळवता येतात. पी-४ दर्जाचा घ्या, त्याचा तुकडा १६० चौरस मिलिमीटरच्या आत असतो. भाड्याच्या झेरॉक्स मशीनमध्ये हार्ड डिस्क असली तर मशीन परत देताना ती पुसून मागा, आणि पुसल्याचं लेखी घ्या.