मदत हवी आहे: नदीत उतरायला वेडर्स कुठले घेऊ?

नमस्कार मंडळी,

मुक्काम ग्रँड रॅपिड्स, मिशिगन. मूळ गाव कोकणात. लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून खाडीत पागायला उतरायचं, एवढीच आजवरची तयारी. इथे ते चालत नाही हे गेल्या ऑक्टोबरात कळलं. मित्राबरोबर बाल्डविनला पेअर मार्केट (Pere Marquette) नदीवर मासे धरायला गेलो होतो, भाड्याचे वेडर्स (पाण्यात उभं राहायला घालायची छातीपर्यंतची, पाणी न शिरणारी विजार) घालून. कमरेएवढ्या पाण्यात अर्धा तास झाला असेल, डाव्या गुडघ्यामागून कुणीतरी गार बोट फिरवल्यासारखं वाटलं. शिवण गळत होती. बाहेर येऊन मोजा पिळला आणि पायाची बोटं जागेवर आहेत ना हे बघून खात्री करावी लागली.

आता एप्रिलच्या स्टीलहेडसाठी स्वतःचे घ्यायचेत. (स्टीलहेड म्हणजे रेनबो ट्राउटच, पण इथला मिशिगन सरोवरात वाढतो आणि अंडी घालायला नदीत चढतो.) बजेट बुटांसकट 300 डॉलर. निओप्रीन (जाड, फेसाळ रबराचे) घेऊ की ब्रीदेबल (घामाची वाफ बाहेर सोडणाऱ्या पातळ कापडाचे)? मित्र म्हणतो निओप्रीन, ऊब राहते. शिवाय माझी उंची 5 फूट 4 इंच आणि कंबर 38. मीडियममध्ये पोट मावत नाही, लार्जमध्ये घोट्याशी चुण्या पडतात. आणि बुटाचा तळ नमद्याचा बरा की रबराचा? त्या नदीत गोटे आहेत आणि बुडालेले ओंडकेही.

प्रतिसाद १

ब्रीदेबल घ्या, डोळे मिटून. निओप्रीन डिसेंबरात एका जागी बसणाऱ्याला ठीक. तुम्ही काठाकाठाने चालणार. घाम आतच राहतो आणि उभं राहिलात की तोच गार पडतो. ब्रीदेबल कापड फक्त पाणी अडवतं, ऊब आतल्या कपड्यांची. जीन्स किंवा सुती काही नको. लोकरीचा एकच जाड मोजा. दोन कोंबलेत तर रक्त खेळत नाही आणि पाय उलट जास्त गारठतात.

मापासाठी 'शॉर्ट' आणि रुंद अंगाचे प्रकार मिळतात, ते मागा. दुकानात आतल्या सगळ्या कपड्यांसकट घाला आणि चक्क उकिडवे बसा. (इथल्या लोकांना ते जमत नाही, आपल्याला जमतं.) गुडघ्यात किंवा जांघेत ओढलं तर शिवण तिथेच जाणार. तळाशी शिवलेला निओप्रीनचा मोजा जाड असतो, त्यामुळे बूट नेहमीपेक्षा एक नंबर मोठा.

प्रतिसाद २

नमदा शेवाळलेल्या गोट्यावर पकडतो छान, पण वाळत नाही. ओलाव्यातून एका नदीतलं शेवाळ दुसरीत जातं. डिडिमो शेवाळापायी न्यूझीलंडने 2008 मध्ये नमद्यावर बंदीच घातली, आणि 2021 मध्ये ते मिशिगनमध्ये मॅनिस्टी नदीतही सापडलं. शिवाय बर्फात नमद्याखाली गोळे चिकटतात, खडावा घातल्यासारखं चालावं लागतं. रबरी तळ घ्या, वर खिळे मारून घ्या. फक्त कुणाच्या होडीत चढणार असाल तर आधी विचारा, खिळ्यांनी होडीचा तळ ओरखडतो.

आणि पट्टा! वेडर्सवरून कमरेला घट्ट आवळा. वेडर्समध्ये पाणी भरलं की माणूस दगडासारखा बुडतो हे खोटं. पाण्यात पाण्याचं वजन लागत नाही. पण तेवढं पाणी घेऊन काठावर चढता येत नाही. पट्ट्याने पाणी आत शिरायला वेळ लागतो, तो वेळ महत्त्वाचा.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. शनिवारी दुकानात उकिडवा बसलो, शेजारचा माणूस बघत राहिला. शॉर्टमधले रुंद अंगाचे अगदी बेतशीर बसले. रबरी तळाचे बूट 9 नंबर. खिळे पुढच्या पगारात.

एक विचारायचं राहिलं. चार तास पाण्यात, थंडी, वर थर्मासभर चहा. मग काय करता? पुढे चेन असलेले बजेटबाहेर आहेत.

प्रतिसाद १

चहा कमी.