मदत हवी आहे : छोटी ईव्ही रात्री अर्ध्यावरच चार्जिंग सोडते

चाकावरचा : शहरातल्या शहरात फिरायला छोटी ईव्ही आहे. रात्री घरी लावली की चार्जिंग सुरू होतं, सकाळी बघावं तर अर्ध्यावर अडकलेलं आणि केबलच्या डब्यावर लाल दिवा. सर्व्हिसवाले म्हणतात गाडीत दोष नाही. उद्या लांब जायचंय, लवकर सांगा.

शंकासूर : गाडी कुठली? चार्जर किती अँपिअरचा? लावता कुठे?

चाकावरचा : गाडीने काय फरक पडतो? सोबत आलेलाच चार्जर आहे, 15 अँपिअरच्या प्लगवाला. ऑफिसात पूर्ण भरते.

सावकाश : 100 पर्यंत भरताच कशाला? 80 टक्क्यांना थांबवा, बॅटरी टिकेल.

लोहभस्म : सरसकट सल्ला नको हो. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) बॅटरीला 80 ठीक. एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) बॅटरीचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळपास सपाट असतं, म्हणून ती अधूनमधून 100 पर्यंत न्यावी, नाहीतर बीएमएसचा, म्हणजे बॅटरी सांभाळणाऱ्या यंत्रणेचा, टक्क्यांचा अंदाज चुकत जातो.

सावकाश : मी 80 च्या वर जात नाही. काही बिघडलं नाही.

शंकासूर : भांडण नंतर. ऑफिसात भरते म्हणजे गाडी ठीक. अर्थिंग नसेल तर बहुतेक केबल सुरूच होत नाहीत. ही सुरू होऊन थांबते, म्हणजे काहीतरी तापतंय. मध्ये एक्स्टेन्शन बोर्ड आहे का?

चाकावरचा : आहे, त्याशिवाय पार्किंगपर्यंत वायर पोचत नाही. चांगला जाड आहे, इस्त्रीसुद्धा चालते.

शंकासूर : इस्त्री थांबत थांबत चालते. इथे 3 किलोवॉट, म्हणजे 230 व्होल्टला 13 अँपिअर, तासन् तास सलग. पीन जराशी ढिली असली तरी तिथेच तापते. प्लग काढून बघा, भोकांभोवती प्लास्टिक तपकिरी झालंय का?

नवशिका : अवांतर : मलाही छोटी ईव्ही घ्यायचीय. एसी लावला की रेंज किती कमी होते?

लोहभस्म : सिग्नलला अडकून राहिलात तर बऱ्यापैकी. चाकं थांबली तरी एसी वीज खातोच. पण वेगळा धागा काढा ना.

जुनाजाणता : 12 व्होल्टची बॅटरी बदला. सगळ्याचं मूळ तीच.

चाकावरचा : एका भोकाभोवती तपकिरी झालंय. करंट 8 अँपिअरवर ठेवून आजची रात्र काढू का?

शंकासूर : नको! जळका बोर्ड आणि सॉकेट दोन्ही बंद करा. वायरमनकडून थेट पार्किंगपर्यंत स्वतंत्र लाइन, जाड वायर, वेगळा एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप पडणारा स्विच). आज ऑफिसात भरून घ्या.

चाकावरचा : ऑफिसला आज सुट्टी आहे.

शंकासूर : मग वाटेतला फास्ट चार्जर. गाडीला डीसी पोर्ट, म्हणजे फास्ट चार्जर लावायची जागा, आहे ना? काही छोट्या गाड्यांना नसतोच. म्हणून विचारत होतो, गाडी कुठली!