कॅनडाच्या बँकांचा ईटीएफ टीएफएसएमध्ये घ्यावा का?

मिसिसागाकर:
नमस्कार मंडळी. मी २०२३ च्या ऑगस्टमध्ये नाशिकहून कायमचा रहिवासी म्हणून इथे आलो. बाजूला ४०,००० डॉलर साठले आहेत आणि दहा वर्षे तरी ते लागणार नाहीत. बाबांची सगळी पुंजी मुदत ठेवींत असल्यामुळे मलाही बँकांवरच विश्वास वाटतो, शिवाय २००८ च्या संकटातही इथल्या सहा मोठ्या बँकांनी लाभांश कापला नव्हता. बीएमओचा (बँक ऑफ मॉन्ट्रियलचा) झेडईबी, म्हणजे या सहा बँकांचे शेअर एकत्र घेणारा ईटीएफ (शेअर बाजारात घेता-विकता येणारा फंड), घ्यावा की त्यांचाच जास्त उत्पन्न देणारा झेडडब्ल्यूबी? कचेरीतले सहकारी म्हणतात की टीएफएसए या करमुक्त बचत खात्यात पैसे भरण्याची २०२५ पर्यंतची एकूण मर्यादा १,०२,००० आहे, म्हणजे सगळी रक्कम तिथेच बसेल.

ब्रॅम्प्टनची ताई:
आधी ती मर्यादा तपासा. १,०२,००० हा आकडा २००९ पासून इथेच राहणाऱ्या आणि तेव्हा अठरा वर्षे पूर्ण असलेल्या माणसाचा आहे. तुमची मोजणी २०२३ पासून सुरू होते: त्या वर्षाचे ६,५०० (ऑगस्टमध्ये आलात तरी पूर्ण मिळतात), २०२४ चे ७,००० आणि २०२५ चे ७,०००, म्हणजे २०२५ पर्यंत एकूण २०,५००. तुम्ही ४०,००० भरलेत तर जादा १९,५०० वर दरमहा एक टक्का, म्हणजे १९५ डॉलर दंड बसेल आणि ती रक्कम काढेपर्यंत तो चालूच राहील. मी स्वतः पहिल्या वर्षी हीच चूक केली आणि करखात्याचे पत्र हाती पडेपर्यंत मला पत्ताही नव्हता, म्हणून कळकळीने सांगते.

जुना सभासद:
झेडईबीमध्ये रॉयल, टीडी, स्कोशिया, मॉन्ट्रियल, सीआयबीसी आणि नॅशनल या सहाही बँकांना सारखाच वाटा असतो आणि तो ठरावीक काळाने पुन्हा समान केला जातो. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील मनी लाँडरिंग प्रकरणी टीडीला तीन अब्ज डॉलरांहून अधिक दंड झाला, तेव्हा ज्याची सारी पुंजी एकट्या टीडीत होती त्याच्या तुलनेत झेडईबीवाल्याला फार कमी झळ बसली. झेडडब्ल्यूबी त्याच बँका घेतो, पण त्यांतल्या काही भागावर कॉल ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या भावाला शेअर घेण्याचा हक्क, दुसऱ्याला विकतो. ते जादा उत्पन्न त्या हक्काच्या किमतीतून (प्रीमियममधून) येते. भाव जोरात चढला की ती वाढ ऑप्शन घेणाऱ्याकडे जाते, आणि घसरला तर नुकसान जवळजवळ सगळे आपल्याच पदरात पडते. त्यात वार्षिक खर्च ०.२८ ऐवजी ०.७ टक्क्यांच्या पुढे. दहा वर्षे पैसे लागणारच नसतील, तर दरमहाच्या जादा उत्पन्नासाठी ही किंमत का मोजायची?

ओटावाहून:
माझा आक्षेप वेगळा आहे. सहा नावे असली तरी त्यांचा कणा एकच आहे: कॅनडातील घरकर्ज. इथे व्याजदर बहुधा पाच वर्षांपुरताच ठरतो, त्यामुळे २०२१ मध्ये स्वस्तात घेतलेली कर्जे महाग दराने नव्याने ठरवावी लागतात, आणि हप्ते थकू लागले तर सहाही बँकांना बुडीत कर्जांसाठीची तरतूद एकदमच वाढवावी लागते. मार्च २०२० मध्ये बँकांच्या सरकारी नियामकाने लाभांशवाढीवर जी बंदी घातली, तीही सगळ्यांवर एकाच दिवशी आली आणि नोव्हेंबर २०२१ पर्यंत राहिली. मुदत ठेवीशी तुलना तर करूच नका: ठेवीला १,००,००० डॉलरपर्यंत सीडीआयसी या सरकारी ठेवविमा संस्थेचे विमासंरक्षण असते, ईटीएफच्या भावाला नसते. तुमचा पगार कॅनडातला, उद्या घरही इथेच घ्याल. संपूर्ण कॅनडाच्या शेअर बाजाराचा एक्सआयसी हा ईटीएफ घेतलात तरी त्यात वित्तीय कंपन्यांचा वाटा साधारण तीस टक्के असतोच. म्हणून टीएफएसएतील २०,५०० पैकी फार तर चार-पाच हजार झेडईबीत ठेवा आणि उरलेले जगभर पसरलेल्या एखाद्या फंडात घाला.