वॅश्टी बनियन तीस वर्षं गप्प राहिली, यात कौतुक कसलं?

मंगळवारपेठकर (धागाकर्ता)

आडनावावर काय हसायचं ते आधी हसून घ्या, मग वाचा.

सध्या या बाईची गोष्ट जो तो पुढं ढकलतोय, खाली ठरलेली ओळ: "खरी कला उशिरा का होईना, पोचतेच." मला ही ओळ साफ खोटी वाटते, म्हणून धागा.

माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात. वॅश्टी बनियन, इंग्लंडची गायिका, जन्म १९४५. स्वतः लिहायची, स्वतः चाल लावायची, गिटार घेऊन हळू आवाजात गायची. १९६५ साली पहिली तबकडी आली. त्यावरचं मुख्य गाणं रोलिंग स्टोन्सच्या जॅगर-रिचर्ड्सनी लिहिलेलं आणि हिचं स्वतःचं मागच्या बाजूला. चाललं नाही. १९६८ मध्ये ती मित्राबरोबर घोडागाडी घेऊन स्कॉटलंडच्या बेटांकडं निघाली, कारण डोनोव्हन नावाच्या गायकाला तिकडं कलाकारांची वस्ती वसवायची होती. गाडीघोड्याला पैसे त्याच्याकडूनच उसने घेतलेले. वाटेत गाणी होत गेली. १९६९ च्या अखेरीला निर्माता जो बॉइडनं ती ध्वनिमुद्रित केली. निक ड्रेक या इंग्रज गायकाच्या गाण्यांचं वाद्यसंयोजन करणाऱ्या रॉबर्ट कर्बीनं यातल्याही काही गाण्यांना व्हायोलिन-चेलोचा साज चढवला. डिसेंबर १९७० ला एलपी बाजारात आली आणि जेमतेम काहीशे खपली. बाईनं गाणं सोडून दिलं. तीन मुलं वाढवली. २००० साली तीच एलपी सीडीवर पुन्हा निघाली, नव्या पोरांनी डोक्यावर घेतली आणि २००५ मध्ये दुसरा अल्बम आला. मधे पस्तीस वर्षं.

आता माझं म्हणणं. हे गाणं परत आलं ते चांगलं होतं एवढ्यावर नाही आलं. मूळ फीत होती, काहीशे का होईना तबकड्या लोकांच्या कपाटात होत्या, वेष्टनावर नाव छापलेलं होतं, हक्क कुणाचे ते शोधता येत होतं. म्हणून आलं.

इथं कोल्हापुरात आमच्या गल्लीत एक काकी होत्या. भजनी मंडळात अभंग संपला की आपलं एखादं पद हळूच घुसडायच्या. २००५ च्या पुरावर त्यांनी केलेलं एक मला अर्धंमुर्धं येतं:

पंचगंगा माय आली
जामदार क्लबाच्या दारी,
चूल उचला गं बायांनो
पाहुणी ही लय भारी

पुढं बरीच कडवी होती. तांदळाची पोती माडीवर चढवण्याचं एक होतं, म्हशी सोडवण्याचं एक होतं. काकी गेल्या. कडवी कुणालाच येत नाहीत. यांची कला कधी पोचणार, सांगा.

गंगावेस_दूधकट्टा

भावा, तू प्रत्येक गाण्याला करिअर का चिकटवतोयस? काकींनी ते पद पुरासाठी केलं, पुरात गायलं, बायकांनी चुली उचलल्या. काम झालं की गाण्याचं! ज्योतिबाच्या वाटंवर, जत्रंत, धनगराच्या ओवीत रोज नवं काहीतरी रचलं जातंय आणि तिथंच संपतंय. त्याला अपयश म्हणायचं?

आणि त्या बनियनबाईचंही तेच. घोडागाडीतनं गेली, शेतीवाडी केली, पोरं वाढवली. लंडनच्या स्टुडिओत सडण्यापेक्षा ब्येस. तिला 'हरवलेली गायिका' म्हणणारे आपण कोण? ती स्वतः कुठं हरवली नव्हती, आपल्या घरीच होती.

कपिलतीर्थाची_ताई

दूधकट्टा दादा, हे बोलायला फार सोपं आहे. तिच्या मुलाखती वाचा. एलपीला कुणी विचारलं नाही, तेव्हा आपली गाणीच वाईट असा तिनं अर्थ घेतला आणि गिटार बाजूला टाकली. मुलांपाशीसुद्धा गात नव्हती. सुखानं घरी रमलेली बाई अंगाई तरी म्हणेल ना?

अजून एक. वस्ती वसवायची कल्पना डोनोव्हनची, आणि तो गातच राहिला. चूलबोळकं, पोरं, जनावरं कुणाच्या वाट्याला आली? मी भजनी मंडळात बसते. आमच्यात उत्तम गळ्याच्या चार जणी लग्नानंतर "आता कुठं गं" म्हणून थांबल्या, आणि सासरी सगळ्यांनी सांगितलं की तिनं हौसेनं सोडलं. हौसेनं!

बाकी मंगळवारपेठकर, तुमच्या मुद्द्याला जोड देते. जात्यावरच्या ओव्यांचं काम बघा. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आता त्या 'पारी' या ग्रामीण भारतावरच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर ओवी, तिचा आवाज, बाईचं नाव, गाव अशा दिसतात. त्या बायांनीही दळणासाठीच गायलं होतं. दळण संपलं म्हणून ओवी संपली, असं कुणी म्हणालं नाही हे नशीब.

पुण्यात_अडकलेला

दोघांचंही पटलं नाही. ही बाई काही कुणी गरीब बिचारी नव्हती. ऑक्सफर्डच्या चित्रकला शाळेत शिकायला गेलेली, रोलिंग स्टोन्सच्या मॅनेजरनं हेरलेली, जो बॉइडसारखा निर्माता मिळालेली. इतकी दारं कोल्हापुरातल्या कुठल्या पोरीला उघडी मिळतात? १९७० साली असे कितीतरी अल्बम निघाले आणि पडले. आपल्याला परत आलेला एकच दिसतो, म्हणून त्याची कथा होते.

आणि आता रडगाणं कशाला? हातात मोबाईल आहे. रेकॉर्ड करा, चढवा. कंपनी नको, निर्माता नको. आता जो गप्प बसला तो स्वतःच्या कर्मानं.

आयटीतला_हलगीवाला

पुणेकर, चढवून बघितलंय का कधी? मी बघितलंय. स्पॉटिफायवर २०२४ पासून नियम आहे: बारा महिन्यांत एका गाण्याचे हजार स्ट्रीम झाले नाहीत तर त्या गाण्याचे पैसे शून्य. हजार म्हणजे काहीच नाही वाटतं, मराठीत स्वतःच्या चालीवर गाऊन बघा मग कळेल. आमच्या चुलतभावांनीच निम्मे भरले.

स्वतः लिहून गिटारवर गाणाऱ्यांत आपल्याकडं मोठं नाव प्रतीक कुहाड. जयपूरचा, न्यूयॉर्कला शिकलेला. २०१९ मध्ये ओबामांच्या आवडत्या गाण्यांच्या यादीत त्याचं गाणं आलं, २०२० मध्ये अमेरिकेतल्या इलेक्ट्रा या रेकॉर्ड कंपनीनं करार केला. गाणी हिंदी आणि इंग्रजीत. पोरगा गुणी आहे, वादच नाही. पण कोल्हापुरी बोलीत लिहिणाऱ्याला ही वाट नाही. त्याला पैसे मिळतात ते गणपतीत आणि लग्नाच्या वरातीत, आणि तिथं त्याचं गाणं कुणाला नको असतं. डॉल्बीवाल्याला चार गाणी हवी असतात, ती ठरलेली.

पुण्यात_अडकलेला

मग बोली सोड आणि हिंदीत लिही. बाजार जिथं आहे तिथं जावं लागतंय.

आयटीतला_हलगीवाला

तू पुण्यात गेलास तसा? आणि तरी नाव 'अडकलेला' ठेवलंस.

दफ_तुणतुणं

तरुण मंडळींचं वाचून गंमत वाटली. रेकॉर्डिंग म्हणजे सर्वस्व, हा धागाकर्त्याचा मुद्दा मला मान्य नाही. या गावात गाणं टिकलं ते राजाश्रयानं आणि शागिर्दीनं. शाहू महाराजांच्या पदरी ख्यालगायक अल्लादिया खाँसाहेब होते. त्यांच्या गाण्याची छापील पोथी कुणी काढली नव्हती, गायकी गळ्यातून गळ्यात गेली. देवल क्लब ही इथली संगीतसंस्था १८८३ पासून आहे. तिथं ऐकणारे तयार झाले म्हणून गाणारे टिकले. शाहिरीचंही तसंच, दफावर थाप पडली की मागं झील धरणारा उद्याचा शाहीर असायचा.

ख्यालगायिका केसरबाई केरकरांचं बघा. लहानपणी काही महिने इथं कोल्हापुरात अब्दुल करीम खाँकडं शिकल्या, पुढं अल्लादिया खाँची तालीम. ध्वनिमुद्रणाला कायम नाखूश, केली ती मोजकीच. म्हणून त्या विसरल्या गेल्या का? १९७७ साली त्यांची भैरवी नासाच्या व्हॉयेजर यानाच्या तबकडीवर बसून अंतराळात गेली. तुमच्या बनियनबाईंना सीडी लागली, केसरबाईंना शिष्यपरंपरेची पुण्याई पुरली.

मंगळवारपेठकर

काका, मान राखून सांगतो, तुम्ही माझीच बाजू मांडली. अंतराळात गेली ती तबकडी. शिष्यपरंपरा यानात बसत नाही. केसरबाईंनी तेवढंही ध्वनिमुद्रण नाकारलं असतं तर तिथं आज दुसरं कुणीतरी गात असतं.

शागिर्दीचं तुमचं बरोबर आहे, पण ती ख्यालाला आणि पोवाड्याला लागू. काकींच्या पदाला शागीर्द नसतो. एकटीनं स्वतःचं लिहून स्वतः म्हणणाऱ्या माणसामागं घराणं उभं राहत नाही. बनियनचंही तेच, ती कुठल्या परंपरेची पाईक नव्हती की घराण्याची नव्हती. अशांना यंत्राशिवाय कोण सांभाळणार?

पुणेकरांच्या 'चढवा' या शब्दावरही बोलायचंय. चढवणं आणि जपणं एक नाही. मोबाईल बदलला, पासवर्ड विसरला, संकेतस्थळ बंद पडलं, झालं. तबकडी पन्नास वर्षं कपाटात पडली तरी सुई ठेवली की वाजते.

दफ_तुणतुणं

वाजते, पण ऐकायला कान कुठून आणणार? बनियनबाईंना २००० साली ऐकणारी पिढी मिळाली, ती आपोआप तयार झाली नव्हती. डेवेंड्रा बॅनहार्टसारख्या पोरांनी तिला पत्रं लिहिली, आपल्या गाण्यात गायला बोलावलं. याला मी शागिर्दीच म्हणतो, उलट्या दिशेनं आलेली. केशवराव भोसले नाट्यगृह २०२४ च्या ऑगस्टमध्ये जळालं तेव्हा सगळं गाव रडलं. त्यातल्या किती जणांनी आधीच्या वर्षभरात तिथं तिकीट काढून गाणं ऐकलं होतं? वस्तू जपली की काम झालं, या समजुतीत तुम्ही राहू नका.

कपिलतीर्थाची_ताई

काकांचा हा मुद्दा मात्र खरा आहे. पत्र लिहिणारं कुणीतरी लागतं. आमच्या मंडळातल्या सूनबाईंना मी परवा म्हटलं, सासूबाईंची पदं वहीत उतरवून घे. म्हणाली, "त्यांनाच विचारा, मला कुठं सांगतात." घरातल्या घरात ही तऱ्हा.

गंगावेस_दूधकट्टा

आणि उतरवून घेतलं, चढवलं, वर आलं की काय होतं तेही बघा की. त्याच बनियनबाईंचं घोडागाडीच्या वाटंवरचं गाणं पुढं मोबाईल कंपनीच्या जाहिरातीत वाजलं. शहर सोडून पळालेल्या बाईचं गाणं सिमकार्ड विकायला! यासाठी जपायचं होय?

पुण्यात_अडकलेला

मग काय झालं? पैसे तिला मिळाले, ऐकणारे वाढले. तू दूध फुकट वाटतोस का कट्ट्यावर?

बिंदूचौक_टेपवाला

तात्त्विक चर्चा चालू द्या, मी कामाचं सांगतो. भजनी मंडळं, शाहिरी मेळे, शाळेची गॅदरिंग, यांच्या कॅसेटा घराघरांत माळ्यावर पडल्यात. फिती दिवसेंदिवस खराब होतायत. कोल्हापूरच्या पावसाळी हवेत त्यावर पांढरी बुरशी धरते. अशी कॅसेट थेट डेकमध्ये घालू नका, हेडचं वाटोळं होतं आणि पुढच्या कॅसेटलाही लागतं. आधी कोरड्या जागी ठेवा, बुरशी असेल तर जाणकाराकडून साफ करून घ्या. वरच्या कडेचे दोन छोटे प्लास्टिकचे कान मोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी आवाज पुसला जात नाही. वाजवण्याआधी एकदा पूर्ण पुढं आणि पूर्ण मागं फिरवून घ्या, ताण सारखा होतो. फितीखालचा स्पंजाचा तुकडा निखळला असेल तर आवाज दबका येतो. तो दुसऱ्या कॅसेटचा काढून बसवता येतो.

मग डेकच्या लाइन आउटमधून (मागच्या आवाजाच्या जोडणीतून) संगणकात वेव्ह फाईल घ्या, त्यात आवाज दाबला जात नाही. मोबाईल स्पीकरसमोर धरून एमपीथ्री करू नका, हात जोडतो. आणि फाईलीच्या नावात 'ट्रॅक ०१' लिहू नका. गाणारीचं नाव, गाव, पेठ, साल, पद कुणी केलं. निम्म्या कॅसेटा माझ्याकडं येतात त्यावर फक्त 'भजन' लिहिलेलं असतं.

गंगावेस_दूधकट्टा

आणि उद्या त्यावर कुणी पैसे मिळवले तर? मंडळाचे की रचणारीचे?

आयटीतला_हलगीवाला

कायद्यानं पद रचणारीचे. शब्द आणि चाल यांचा हक्क रचणाऱ्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं, तोवर वारसांकडं. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा, तो प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. पण रचणारी कोण हे सिद्ध कसं करणार? टेपवाले म्हणतात ते फाईलीतलं नाव इथं कामाला येतं.

गंगावेस_दूधकट्टा

नाव लिहायला माझी ना नाही. पण त्या माउलीला विचारून चढवा. आमच्या आज्जीची ओवी कुणी न विचारता चढवली तर मी त्याला कट्ट्यावर बोलावून घेईन, दूध पाजायला न्हवं.

कपिलतीर्थाची_ताई

टेपवाले, मंडळाच्या कॅसेटा पिशवीभर आहेत, बऱ्याचशा गणेशोत्सवातल्या. रविवारी सकाळी दुकान उघडं असतं का? आणि काकींचं मंडळ कुठलं होतं, मंगळवारपेठकर? आमच्या जुन्या बायकांना विचारून बघते.