पर्फोर्स घ्यावं की गिट-एलएफएसवर भागेल?

प्रश्न
बारा जणांची टीम, सात प्रोग्रॅमर आणि पाच आर्टिस्ट. कोड जेमतेम २ जीबी, पण पीएसडी (फोटोशॉपच्या फाइली) आणि थ्रीडी मॉडेलं मिळून ८० जीबी, आणि रोज भर पडतेय. फाइलींच्या आवृत्त्या सांभाळायला पर्फोर्स या सॉफ्टवेअरचं लायसन घ्यावं की ओपन सोर्समध्ये, म्हणजे गिट आणि मोठ्या फाइलींसाठीची त्याची एलएफएस ही जोडणी, यात जमेल? पर्फोर्स फुकट मिळतं असंही ऐकलंय.

बायनरीवाला
फुकट ५ युजर आणि २० वर्कस्पेस (मशीनवरच्या कामाच्या प्रती), इथपर्यंतच. बारा जणांना पैसे मोजावे लागतील.

पण पैशांचं नंतर. एकच पीएसडी दोघांनी उघडली तर? कोडमध्ये दोघांचे बदल एकत्र (मर्ज) होतात, पीएसडीत नाही; एकाची मेहनत पाण्यात. म्हणून लॉक हवं. पर्फोर्सच्या टाइपमॅपमध्ये (फाइल प्रकारांच्या यादीत) पीएसडीला 'बायनरी+एल' द्या, फाइल एका वेळी एकालाच चेकआउट होते (बदलायला मिळते). सबव्हर्जन या दुसऱ्या ओपन सोर्स पर्यायात 'नीड्स-लॉक' प्रॉपर्टी लावली की लॉक घेईपर्यंत फाइल रीड-ओन्ली राहते. मात्र सबव्हर्जनमध्ये सहसा प्रत्येक फाइलची मूळ प्रत डिस्कवर वेगळी ठेवली जाते, म्हणजे ८० जीबीचे साधारण १६० धरा.

एलएफएसमध्येही 'लॉकेबल' आहे, पण ते लॉक फाइलच्या पाथवर बसतं, ब्रँच (कामाची समांतर शाखा) बघत नाही. दुसऱ्या ब्रँचवरचा बदल मर्ज झालेला नसला तरी लॉक मिळतं आणि आर्टिस्ट शिळ्या फाइलवर रंगवत बसतो. एलएफएस घेतलंत तर आर्टसाठी एकच ब्रँच ठेवा.

कमिटकर
एलएफएसचं ट्रॅकिंग (कोणत्या फाइली त्याने सांभाळायच्या ते) पहिल्या कमिटआधीच, म्हणजे गिटमध्ये बदलांची पहिली नोंद करण्याआधीच, लावा. नंतर लावलं तर जुन्या फाइली इतिहासात तशाच राहतात. मग 'मायग्रेट इम्पोर्ट' चालवा, सगळे हॅश (कमिटचे ओळख क्रमांक) बदलणार, सगळ्यांनी नव्याने क्लोन करा (पूर्ण प्रत उतरवून घ्या).

फोटोशॉप फाइल उघडेना आणि तिचा आकार १३० बाइटच्या आसपास दिसला, तर ती नोटपॅडमध्ये उघडा. व्हर्जन, ओआयडी, साइझ अशा तीन ओळी दिसल्या तर तो नुसता पॉइंटर आहे, खऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी चिठ्ठी. त्या मशीनवर 'एलएफएस इन्स्टॉल' आणि मग 'एलएफएस पुल' चालवा.

बॅकअपचीही गोम आहे: 'मिरर' क्लोनमध्ये एलएफएसच्या फाइली येत नाहीत, 'फेच ऑल' वेगळं लागतं. पर्फोर्समध्ये डेपोचं (सर्व्हरवरच्या फाइलींच्या साठ्याचं) फोल्डर उचलून भागत नाही, चेकपॉइंट (डेटाबेसची प्रत) आणि जर्नलही (त्यानंतरच्या बदलांची नोंद) हवं.

प्रश्नकर्ता
कोड गिटमध्ये आणि फक्त आर्ट पर्फोर्समध्ये ठेवलं तर लायसनं पाचच लागतील ना?

बायनरीवाला
तसं नाही. बिल्डसाठी (कोड आणि आर्ट मिळून प्रोग्रॅम तयार करायला) आर्ट प्रोग्रॅमरनाही सिंक करावं (पर्फोर्समधून उतरवून घ्यावं) लागेल, म्हणजे तेही युजरच. शिवाय कोणत्या कमिटला कोणतं आर्ट हे जुळवायचं म्हणजे गिटमध्ये एक टेक्स्ट फाइल ठेवून तिच्यात पर्फोर्सचा चेंजलिस्ट (बदल-संचाचा) क्रमांक लिहायचा, आणि बिल्ड स्क्रिप्टने तेवढंच सिंक करायचं. क्रमांक बदलायचा राहिला की बिल्ड जुन्या मॉडेलांवर निघतो, आणि एररही येत नाही.