मदत हवी आहे : पाठीचा कणा दुखावलेल्या भावाला गावाजवळच नियमित उपचार कसे मिळतील?

सर्वांना नमस्कार.

माझे मोठे भाऊ यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातील आमच्या गावी राहतात. विहिरीच्या कामावर वरून पडल्याने त्यांच्या कण्याला डी-४ पातळीवर (छातीच्या भागातल्या मणक्यांपैकी वरून चौथ्या) दुखापत झाली आणि छातीखालची संवेदना व हालचाल पूर्णपणे गेली. हात मात्र उत्तम चालतात. नागपूरला झालेली शस्त्रक्रिया महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसली, त्याबद्दल काहीच तक्रार नाही. अडचण त्यानंतरची आहे. ही योजना दाखल होऊन घेण्याच्या उपचारांसाठी आहे आणि आमची गरज रोजची आहे: लघवीची नळी वेळच्या वेळी बदलणे, माकडहाडावरच्या जखमेचे ड्रेसिंग, आणि काही बिघडले तर ही दुखापत ओळखणारा डॉक्टर.

नळी दर तीन-चार आठवड्यांनी बदलावी लागते. जवळच्या आरोग्य केंद्रात प्रत्येक वेळी "यवतमाळला न्या" एवढेच सांगतात. दादांना एसटीत चढवता येत नाही, त्यामुळे भाड्यातली ७५ टक्के सवलत आमच्या उपयोगाची नाही. १०२ ची गाडी गरोदर माता आणि बालकांसाठी, १०८ ची तातडीच्या प्रसंगासाठी. ठरलेल्या तारखेला नळी बदलायला जायचे असेल तर दोन्हींपैकी एकही येत नाही, आणि नियमाने पाहता त्यात त्यांचे चुकतेही असे नाही. मग भाड्याची गाडी, उचलायला दोन माणसे, त्यांची बुडालेली मजुरी, आणि संपूर्ण रस्ताभर ज्या जखमेवर भार पडू नये तिच्यावरच बसून केलेला प्रवास.

मागच्या पावसाळ्यात दादांचे डोके एकाएकी ठणकू लागले, चेहरा लाल झाला, कपाळावरून घामाच्या धारा लागल्या. आम्ही त्यांना एका रुग्णालयात नेले. तेथे रक्तदाब २०० च्या वर भरला, म्हणून गोळी देऊन आडवे झोपवून ठेवले. वहिनींनी सहज चादर वर केली तर नळी मांडीखाली दबून पिळली गेली होती. त्यांनी ती सरळ केली, पिशवीत लघवी उतरू लागली आणि थोड्याच वेळात डोके शांत झाले. पुढे नागपूरच्या तपासणीत कळले की याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. दुखापत डी-६ किंवा त्याच्या वर असेल तर तुंबलेले मूत्राशय, मलावरोध, एखादी जखम अशा कारणांनी रक्तदाब अचानक चढतो आणि तो जिवावरही बेतू शकतो. अशा वेळी रुग्णाला झोपवायचे नसते, उठवून बसवायचे असते, आणि सर्वांत आधी नळी पाहायची असते. डिस्चार्ज कार्डावर याबद्दल एक ओळही नव्हती.

उन्हाळ्याचीही धास्ती आहे. दादांना दुखापतीच्या खालच्या भागात घाम येत नाही, त्यामुळे आमच्याकडच्या मे महिन्यात त्यांचे अंग तापले की तापतच राहते. ओल्या पंच्याने अंग पुसणे आणि कूलर हाच उपाय, पण वीज गेली की कूलर बंद आणि जखमेवर भार येऊ नये म्हणून वापरतो त्या हवेच्या गादीचा पंपही बंद.

कागदपत्रांचे म्हणाल तर यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) झाले आहे. कृपया निरामय ही आरोग्यविमा योजना सुचवू नये; ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व यांच्यासाठीच आहे, हे आम्ही खेटे घातल्यावर समजून घेतले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे कलम २५ मी वाचले आहे. त्यात विशेषतः ग्रामीण भागात घराजवळ मोफत आरोग्यसेवा (उत्पन्नाच्या अटीसह), सर्व रुग्णालयांत अडथळाविरहित प्रवेश आणि उपचारांत प्राधान्य द्यावे, असे स्पष्ट म्हटले आहे. आमच्या केंद्राला उतरण आहे, पण तपासणीचे टेबल इतके उंच आहे की दादांची तपासणी बहुधा गाडीतच होते.

आता विचारायचे ते असे. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांमध्ये वृद्धांची व परिहारक सेवा (पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे दीर्घ आजारात त्रास हलका करणारी सेवा) समाविष्ट आहे. तिच्या आधारे उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनी घरी येऊन नळी बदलावी, असे विदर्भात कोणी घडवून आणले आहे का? अर्ज कोणाकडे केला? ग्रामपंचायतीच्या दिव्यांगांसाठीच्या ५ टक्के निधीतून नळ्या, पिशव्या किंवा गादीच्या पंपासाठी बॅटरी मिळू शकते का? आणि दादा अलीकडे कोणाशी फारसे बोलत नाहीत, अर्ध्या जेवणावरून उठवा म्हणतात, त्यासाठी कोठे जावे, हेही कोणी सांगितले तर बरे होईल.

प्रतिसाद :

मी सेवानिवृत्त परिचारिका आहे. अस्थिरोग विभागात बरीच वर्षे काढली. तुमच्या भावांचे हात चालतात ना? मग कायमची नळी कशासाठी, हा प्रश्न आधी डॉक्टरांना विचारा. दर चार ते सहा तासांनी स्वतःच स्वच्छ नळी घालून लघवी काढण्याची पद्धत हात चालणाऱ्या रुग्णाला शिकता येते आणि त्यात जंतुसंसर्गाचा धोका सहसा कमी असतो. ते जमले तर यवतमाळच्या निम्म्या फेऱ्या वाचतील. पण जखम लघवीने भिजण्याची भीती असल्यास डॉक्टर सध्या नळीच ठेवायला सांगतील, तेव्हा स्वतःच्या मनाने काढू नका.

घरी येऊन नळी बदलण्याबाबत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या, सोबत यूडीआयडी आणि नागपूरच्या कागदांची प्रत जोडा, आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेले सिस्टर बदलली की विसरले जाते. डिसरिफ्लेक्सियाची माहिती मराठीत एका पानावर लिहून, डॉक्टरांची सही घेऊन, फाइलच्या पहिल्याच पानावर लावा. पंचायतीच्या निधीसाठी ग्रामसेवकाकडे वस्तूंची नावे घालून मागणी करा. नुसती "मदत" मागितली की कागद पडून राहतो.

लघवी गढूळ दिसली म्हणून प्रत्येक वेळी अँटिबायोटिक देऊ नये. नळी असलेल्यांच्या लघवीत जंतू असतातच. ताप, थंडी, स्नायूंचा वाढलेला ताठरपणा अशी लक्षणे असली की मात्र थांबू नये. मनाच्या त्रासासाठी टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येते. पहिला फोन वहिनींनी केला तरी चालतो.

जखमेबद्दल तुम्ही फार थोडे लिहिले आहे. ती किती खोल आहे, वास येतो का, कडा काळ्या पडल्या आहेत का, हे कळवा. हाड दिसत असेल तर घरी ड्रेसिंग करत बसू नका, सेवाग्रामच्या रुग्णालयात किंवा नागपूरच्या मेडिकलला (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात) दाखवा.